कानांतला वाटाड्या

इ. स. १७८४ च्या डिसेंबरांत बर्मिंगहॅमचा विल्यम हटन नांवाचा एक पुस्तकविक्रेता लंडन पाहावयास आला. बालपणीं डर्बीच्या रेशमाच्या गिरणींत राबलेला, शाळेचें शिक्षण फारसें न लाभलेला, परंतु स्वतःच्या वाचनाच्या बळावर आपल्या शहराचा इतिहास लिहिण्याइतकी योग्यता मिळविलेला असा हा साठी ओलांडलेला गृहस्थ होता. ब्रिटिश म्यूझियम १७५९ सालींच लोकांस खुलें झालें होतें. पण तें आजच्या अर्थानें खुलें नव्हे. अगोदर अर्ज करावा, तिकिटाची वाट पाहावी, आणि नेमल्या दिवशीं दहाबारा जणांच्या तुकडींत उभें राहावें, अशी रीत होती. हटनला इतकी सवड नव्हती. त्यानें कोणाकडून तरी जवळजवळ दोन शिलिंग मोजून एक तिकीट पैदा केलें आणि मोठ्या उत्कंठेनें तो आंत शिरला.

तुकडीच्या अग्रभागीं संग्रहालयाचा एक उंच, सभ्य दिसणारा तरुण होता. तो भराभर चालूं लागला. दालनामागून दालनें मागें पडूं लागलीं. तेव्हां हटननें धीर करून विचारलें, कीं ह्या वस्तु काय आहेत हें आम्हांला कोणी सांगणार नाहीं काय? तरुणानें त्रासून जें उत्तर दिलें त्याचा मतलब असा, कीं इथलें सगळेंच का तुम्हांला सांगत बसूं, आणि पुष्कळ वस्तूंवर नांवें लिहिलेलीं आहेत, तीं दिसत नाहींत काय? हटन एवढा ओशाळला कीं पुढें त्यानें ब्रहि काढला नाहीं. सुमारें अर्ध्या तासांत तो सारा वाडा पाहून संपला. थोडक्या माहितीअभावीं आपण किती गमावलें, याची हळहळ त्यानें पुढें आपल्या प्रवासवर्णनांत नमूद करून ठेवली आहे.

मी इतिहासाचा अध्यापक आहें, आणि हटनची ही हकीकत मला कित्येक लढायांच्या वर्णनांपेक्षां अधिक महत्त्वाची वाटते. संग्रहालयांचा इतिहास लिहिणारे वस्तु कोणीं जमविल्या, कोणत्या राजानें देणगी दिली, इमारतीवर घुमट कसा चढला, हें सर्व तपशिलानें सांगतात. पाहावयास आलेल्या माणसाला तेथें कोणीं काय सांगितलें, कोणत्या भाषेंत सांगितलें, कीं कांहींच सांगितलें नाहीं, याची नोंद मात्र क्वचित् सांपडते. आज खिशांतला मोबाइल फोन काढून, कानांत दोन बोंडें घालून, समोरच्या मूर्तीची माहिती ऐकत उभा राहणारा प्रवासी पाहिला कीं आमच्या वयाच्या लोकांस थोडें हंसूं येतें. पण त्या मनुष्याच्या कानांत जो आवाज चालू असतो, तो हटनच्या प्रश्नाला उशिरानें मिळालेलें उत्तर आहे. आणि तें मिळण्यास दोन शतकें लागलीं.

मधल्या काळांत सारा भरंवसा चिठ्ठीवर होता. वस्तूखालीं चिठ्ठी चिकटविली कीं संग्रहालयाचें कर्तव्य संपलें, अशी समजूत होती. ह्या समजुतीचा उत्तम पंचनामा बोस्टनच्या ललितकला-संग्रहालयांतील बेंजामिन आइव्ह्ज गिलमन ह्यानें केला. त्यानें एका मनुष्यास कांचेच्या कपाटांतील वस्तु व त्यांवरील चिठ्ठ्या पाहावयास लाविलें आणि त्याचीं छायाचित्रें घेतलीं. तो गृहस्थ कधीं कमरेंत वांकला आहे, कधीं गुडघे मोडून बसला आहे, कधीं कपाटांत डोकें घालूं पाहत आहे! १९१६ सालीं हीं छायाचित्रें गिलमननें छापलीं आणि संग्रहालयांत येणाऱ्या शिणवट्यास शास्त्रीय चर्चेंत स्थान मिळवून दिलें. त्यापूर्वीं, १९०७ च्या सुमारास, त्याच संग्रहालयांत प्रेक्षकांबरोबर हिंडून वस्तूंविषयीं बोलणारे लोक नेमण्यास आरंभ झाला होता. डोळ्यांनीं वस्तु पाहावी आणि त्याच वेळीं कानांनीं तिची कथा ऐकावी, हा विचार त्यामागें होता.

अमेरिकेस ही युक्ति विसाव्या शतकांत सुचली याचें एखाद्या कोंकणी माणसास नवल वाटेल. सावंतवाडीजवळच्या पिंगुळीचे चित्रकथी कागदावर रंगविलेलीं चित्रें एकेक करून पुढें धरीत आणि वाद्यांच्या साथीवर रामायण-महाभारतांतील प्रसंग गाऊन सांगत. आणि चित्र दाखवून कथा सांगणाऱ्याचा उल्लेख तर बाराव्या शतकांतील चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लासां’तही आहे. परंतु चित्रकथ्याला श्रोते एका जागीं बसलेले मिळत. संग्रहालयाची अडचण अशी, कीं तेथें चित्र स्थिर असतें आणि श्रोता हिंडत असतो. हिंडत्या माणसाच्या कानाशीं आवाज न्यावयाचा कसा?

हें कोडें प्रथम सुटलें तें हॉलंडांत, १९५२ सालीं. अ‍ॅम्स्टरडॅमच्या स्टेडेलिक म्यूझियममध्यें त्या वर्षीं ‘व्हर्मेर : खरा कीं खोटा’ ह्या विषयावर प्रदर्शन भरलें होतें. विषयाची पार्श्वभूमि मोठी मौजेची आहे. हान व्हान मेगेरन नांवाच्या चित्रकारानें सतराव्या शतकांतील व्हर्मेरच्या नांवावर स्वतःच चित्रें रंगवून विकलीं होतीं. मोठमोठे तज्ज्ञ त्यांस भुलले, आणि नाझी सेनानी गोरिंग ह्याच्या संग्रहींही त्यांतलें एक गेलें. युद्ध संपल्यावर राष्ट्राचा ठेवा शत्रूला विकल्याचा आरोप त्याजवर आला, तेव्हां प्राण वांचविण्यासाठीं त्याला आपली लबाडी कबूल करावी लागली, आणि ती खरी आहे हें पटविण्यासाठीं पहाऱ्यांत बसून व्हर्मेरच्या धाटणीचें आणखी एक चित्र काढून दाखवावें लागलें! १९४७ सालीं त्यास शिक्षा झाली आणि त्याच वर्षीं तो वारला. अशा प्रदर्शनांत नुसती चिठ्ठी काय सांगणार? खरें कोणतें आणि बनावट कोणतें, हें हाताला धरून दाखवावें लागतें.

संग्रहालयाचा संचालक विलेम सान्डबर्ग हाही साधा मनुष्य नव्हता. जर्मनांच्या अमलाखालीं असतांना त्यानें भूमिगत चळवळींत भाग घेतला होता, लोकांचे जीव वांचविण्यासाठीं ओळखपत्रें बनावट करविण्याच्या कामीं त्याचा हात होता, आणि १९४३ सालीं अ‍ॅम्स्टरडॅमच्या नागरिक-नोंदणी कचेरीवर जो हल्ला झाला त्याच्या कटांतही तो सामील होता. खऱ्याखोट्याचें प्रदर्शन भरविण्यास एवढा अधिकारी पुरुष दुसरा मिळाला नसता!

त्याच्या संग्रहालयांत जी व्यवस्था झाली ती अशी. एका टेपयंत्रावर व्याख्यान लाविलेलें असे. दालनांच्या भोंवतीं तारेचें एक वेटोळें फिरविलें होतें. त्यांतून तें व्याख्यान लघुलहरींच्या रेडिओप्रमाणें प्रसृत होई. प्रेक्षकाच्या हातीं एक लहानसा ग्राहक-यंत्राचा संच दिला जाई. तो कानाशीं धरला कीं, वेटोळ्याच्या आंत असेतोंपर्यंत, आवाज ऐकूं येई. डच, फ्रेंच, इंग्रजी व जर्मन अशा निरनिराळ्या भाषांतील व्याख्यानें तयार केलीं होतीं.

ह्या यंत्रांत एक उणीव होती, आणि ती केवळ यांत्रिक नव्हती. टेप एकच, म्हणून एका भाषेच्या सर्व प्रेक्षकांस एकाच क्षणीं एकच वाक्य ऐकूं येई. आवाजानें म्हणावें, आतां डावीकडे पाहा, कीं सगळीं डोकीं डावीकडे वळत. आवाज पुढच्या चित्राकडे गेला कीं सर्व मंडळी पुढें सरकत. जणूं कोणी न दिसणारी दोरीच ओढीत आहे. ज्याला एखाद्या चित्रापाशीं रेंगाळावेंसें वाटलें, त्याला सोडून व्याख्यान पुढें निघून जाई. हटनच्या त्या उंच तरुणानें आतां तोंड उघडलें होतें खरें, पण त्याची चाल पूर्वीइतकीच घाईची राहिली होती.

पुढची पायरी म्हणजे प्रत्येकाच्या हातीं स्वतंत्र टेपयंत्र. अमेरिकेंत १९५७ सालीं निघालेल्या अकूस्टिगाइड ह्या कंपनीच्या प्रारंभींच्या फेऱ्यांपैकीं एक हाइड पार्क येथील रूझवेल्टच्या घराची होती, आणि तींत बोलणारी स्त्री खुद्द एलिनॉर रूझवेल्ट होती. दिवंगत राष्ट्राध्यक्षाची पत्नी आपल्याच घराच्या खोल्यांतून परक्या माणसाला हिंडवीत आहे, ही कल्पना मला फार हृद्य वाटते. विद्वानाच्या आवाजानें हें काम साधलें नसतें. असें असूनही पुढील पंचवीसतीस वर्षें बहुतेक संग्रहालयांनीं विद्वानाचाच आवाज पसंत केला. खर्जांतला, संथ, चुका न करणारा, आणि ऐकणाऱ्याला आपल्या अज्ञानाची पदोपदीं जाणीव करून देणारा तो आवाज! आम्ही अध्यापक वर्गांत तोच आवाज काढतों, म्हणून मला तो चांगला परिचयाचा आहे.

तो मक्ता एका तुरुंगानें मोडला. सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरांतील अ‍ॅल्कट्रॅझ बेटावर १९३४ पासून १९६३ पर्यंत अमेरिकेच्या केंद्र सरकारचा कडक तुरुंग होता. १९७३ पासून तो प्रवाशांस पाहावयास मिळूं लागला. १९७९ सालीं सोनी कंपनीनें वॉकमन काढला आणि कॅसेटचें यंत्र कमरेला अडकवून चालतां येऊं लागलें. त्याचा उपयोग करून तेथल्याच एका नाटकमंडळीनें, तिचें नांव अँटेना थिएटर, १९८७ सालीं अ‍ॅल्कट्रॅझसाठीं एक फेरी रचली. तींत पंडित कोणी नाहीं. पूर्वीचे पहारेकरी बोलतात, आणि त्यांनीं ज्यांच्यावर पहारा केला ते पूर्वीचे कैदीही बोलतात. पावलांचे, कुलपांचे, दारें आपटल्याचे आवाज येतात. ज्या कोठडीपुढें आपण उभे असतों तिच्यांत दिवस काढलेला मनुष्य कानांत सांगत असतो, कीं इथें थंडी कशी लागे. भिंत तीच, चिठ्ठी लावली असती तर खोलीची लांबीरुंदी लिहिली असती. इतिहास म्हणजे काय, हें शिकविण्यास मला वर्षभर लागतें, आणि तरी तें कित्येकांस कळत नाहीं. पाऊण तासाच्या त्या फेरींत निदान एवढें तरी कळतें, कीं एकाच भिंतीला दोन बाजू असतात आणि दोन्हीकडच्या माणसांना सांगण्यासारखें कांहीं असतें.

कॅसेटला अनुक्रम सोडतां येत नाहीं. नव्वदच्या दशकांत आवाज आंकड्यांच्या रूपानें सांठवितां येऊं लागला, तेव्हां वस्तूपाशीं क्रमांक लिहिण्याची व तो यंत्रावर दाबण्याची पद्धत आली. आतां प्रेक्षक मोकळा झाला. हवें तें ऐकावें, नको तें सोडावें, पुन्हां मागें यावें. ह्या यंत्रांच्या वंशावळींत शिरण्याचें येथें प्रयोजन नाहीं. लंडनच्या टेट मॉडर्ननें २००२ सालीं हातांत मावणारे संगणक देऊन आवाजाबरोबर चित्रेंही दाखविण्याचा प्रयोग केला; पॅरिसच्या लूव्हरनें २०१२ सालीं मुलांच्या खेळाचें निन्टेन्डो यंत्र वाटाड्या म्हणून प्रेक्षकांच्या हातीं दिलें. दोन्ही प्रयोगांची तेव्हां पुष्कळ वाखाणणी झाली. पण यंत्र संग्रहालयाचें, भाडें संग्रहालयाचें, आणि शब्दही संग्रहालयाचेच, ही स्थिति दोहोंत कायम होती.

खरी उलथापालथ झाली ती यंत्र प्रेक्षकाच्या मालकीचें झालें त्या दिवशीं. २००५ सालीं मिनीॲपोलिसच्या वॉकर आर्ट सेंटरनें प्रेक्षकांस आपल्याच फोनवरून एक क्रमांक फिरवून माहिती ऐकण्याची सोय करून दिली. त्याच वर्षीं न्यूयॉर्कांत याहून धीट गोष्ट घडली. तेथील मेरीमाउंट मॅनहॅटन कॉलेजच्या विद्यार्थ्यांनीं, आपल्या एका प्राध्यापकाच्या पाठिंब्यानें, म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टमधील चित्रांवर स्वतःचीं भाषणें ध्वनिमुद्रित केलीं आणि कोणीही तीं उतरवून घ्यावीं, आपल्या यंत्रांत भरावीं व संग्रहालयांत जाऊन ऐकावीं, असें जाहीर केलें. संग्रहालयाची परवानगी कोणीं मागितली नाहीं. मागण्याची गरजच नव्हती. भाषणांत थट्टा होती, उनाडपणा होता, कांहीं ठिकाणीं चांगली दृष्टिही होती. भिंत संग्रहालयाची, पण प्रेक्षकाच्या कानावर कोणाची मालकी? हा प्रश्न पोरांनीं सहज हंसतखेळत विचारला आणि त्याला उत्तर देणें कोणासही सोपें गेलें नाहीं.

२००७ सालीं आयफोन आला आणि पुढील कांहीं वर्षांत असा फोन बहुतेकांच्या हातीं दिसूं लागला. २०१० सालीं न्यूयॉर्कच्या निसर्गेतिहास-संग्रहालयानें दालनांतून वाट दाखविणारी फोनवरील योजना काढली. २०११ सालीं टास्मानियांतील होबार्ट येथें ‘मोना’ हें संग्रहालय उघडलें. त्याच्या मालकानें भिंतीवर चिठ्ठ्याच लावल्या नाहींत! सर्व माहिती हातांतल्या ‘ओ’ नामक यंत्रांत. ज्याला वाचावयाचें नाहीं त्यानें नुसतें पाहावें. मला हें धाडस आवडलें, जरी माझ्यासारख्या चिठ्ठी वाचल्याशिवाय पाऊल न उचलणाऱ्या माणसाची तेथें तारांबळ उडेल. पुढें २०२० सालीं साथ आली आणि दुसऱ्याच्या कानाला लागलेलें यंत्र आपल्या कानाला लावावयास लोक भिऊं लागले. अनेक संग्रहालयांनीं यंत्रें कपाटांत ठेविलीं आणि दारावर काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा तो चौकोन चिकटविला, ज्यावर फोन धरला कीं माहिती उघडते.

आतां घरची गोष्ट. मुंबईस भायखळ्याचें संग्रहालय, म्हणजे आजचें डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, १८७२ सालीं लोकांस खुलें झालें. जॉर्ज विटेटनें बांधलेलें प्रिन्स ऑफ वेल्स म्यूझियम, म्हणजे आजचें छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, १९२२ सालीं. दोहोंतही मराठी माणसें पहिल्यापासून मोठ्या संख्येनें जात आलीं. पूर्वीं बहुतांनीं डोळ्यांनीं पाहिलें आणि मुकाट्यानें बाहेर आलीं, कारण जें लिहिलेलें होतें तें मुख्यतः इंग्रजींत होतें. माझ्या लहानपणींचा एक प्रसंग मला अद्याप आठवतो. कोणत्या संग्रहालयांतला तें सांगत नाहीं. माझे वडील एका शिल्पापाशीं थांबले आणि तेथल्या नोकरास त्यांनीं विचारलें, कीं ही देवी कोणती? त्यानें न बोलतां बोटानें चिठ्ठी दाखविली. वडील मराठी सातवी शिकलेले होते. त्यांनीं ती चिठ्ठी वाचल्यासारखें केलें, मान डोलावली, आणि माझा हात धरून ते पुढें चालूं लागले. हटनचें पुस्तक पुढें पुष्कळ वर्षांनीं माझ्या हातीं आलें, तेव्हां तें पान वाचतांना मला वडिलांचा तो हात आठवला.

म्हणून छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या ध्वनिफेरींत इतर भाषांबरोबर मराठीलाही स्थान मिळालें, ही गोष्ट मला कोणत्याही नव्या इमारतीपेक्षां मोठी वाटते. जोधपुरच्या मेहरानगड किल्ल्यावरील ध्वनिफेरीची कीर्ति तर सर्वत्र पसरली आहे. तींत तेथील महाराजांच्या आठवणीही ऐकावयास मिळतात. किल्ल्यांविषयीं बोलावयाचें तर आमच्याकडे किल्ल्यांची उणीव नाहीं, आठवणी सांगणाऱ्यांची तर नाहींच नाहीं. गडावर पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचे आवाज टेपवर घेऊन ठेवण्याचें काम मात्र कोणाच्या नजरेस पडलेलें दिसत नाहीं. तीं माणसें कांहीं थांबून राहणार नाहींत.

ह्या सोयीविरुद्ध जें बोललें जातें, तें सर्वच टाकाऊ आहे असें मी म्हणणार नाहीं. कानांत बोंडें घातलेलीं चार माणसांचीं कुटुंबें मीं पाहिलीं आहेत. नवराबायको आणि दोन मुलें एकाच मूर्तीपुढें उभीं, आणि कोणी कोणाशीं बोलत नाहीं. पूर्वीं बाप चुकीची माहिती सांगे, आई ती दुरुस्त करी, मुलें दोघांस हंसत. त्या गडबडींत मूर्ति लक्षांत राही. आतां माहिती बिनचूक मिळते. आणखी एक खोड अशी, कीं आवाज सुरू असेतों माणूस वस्तूपुढें उभा राहतो आणि आवाज थांबतांच पुढें जातो. पाहणें त्याचें केव्हां संपलें हें दुसऱ्यानें ठरविलेलें असतें. परंतु हे आक्षेप घेणारे बहुधा माझ्यासारखे इंग्रजी चिठ्ठी बिनधोक वाचणारे लोक असतात. ज्याला चिठ्ठी वाचतां येत नाहीं, ज्याला दिसतच नाहीं, त्याच्याकडून हा आक्षेप मीं अद्याप ऐकलेला नाहीं.

गेल्या वर्षीं दिवाळीच्या सुटींत आईला एका संग्रहालयांत घेऊन गेलों होतों. तिचें वय शहायशीं. जुन्या गृहोपयोगी वस्तु तेथें बऱ्याच आहेत. माझ्या मुलीनें आपला फोन तिच्या गळ्यांत अडकविला, बोंडें कानांत बसविलीं आणि मराठी भाषा लावून दिली. पहिल्यानें आई दचकली; मग हळूहळू तिच्या चेहऱ्यावर, कोणीतरी आपल्याशींच बोलत आहे, असा भाव आला. दिवे झाले, अडकित्ते झाले, फण्या झाल्या. ती मान डोलवीत होती, आणि ह्या वेळीं तें डोलावणें खरें होतें. पाय घासावयाच्या वजऱ्यांच्या कपाटापाशीं मात्र तिनें एक बोंड कानांतून काढलें.

“अरे, हा म्हणतो पितळेची आहे, वर मोर आहे. तें मला दिसतंयच कीं. आंत खडे असतात तें नाहीं सांगत. आमच्या आजीची वजरी वाजायची. पहाटे न्हाणीघरांतून आवाज आला म्हणजे आम्ही पोरी उठायचों.”

जवळच शाळेच्या गणवेषांतल्या दोनतीन मुली उभ्या होत्या. त्यांतल्या एकीनें विचारलें, “आजी, कसा वाजायचा?” आईनें कपाटाच्या कांचेवर नखांनीं वाजवून दाखविलें. पहारेकरी लांबून आमच्याकडे पाहूं लागला. पण तो कांहीं बोलला नाहीं, उलट चार पावलें जवळ येऊन उभा राहिला. आई बऱ्याच वेळानें थांबली. मग तिनें तें बोंड पुन्हां कानांत घातलें आणि माझ्या मुलीला म्हणाली, “हं, लाव आतां ह्याचा पुढचा नंबर.”